उष्टं लपत नाही

त्यांची भीती मला पहिल्या दिवसापासून वाटली, आणि कारण अगदी कपभर होतं. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. इंदापूरहून बावड्याकडे जाताना लागणाऱ्या एका गावातलं हायस्कूल. खोल्या सात, मास्तर अकरा. मधल्या सुट्टीत शिपायानं किटली फिरवली. एक कप प्यालो, बरा वाटला म्हणून दुसरा ओतून घेतला. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवरून एक उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उठले, माझ्यापुढं पत्र्याचा डबा धरून उभे राहिले आणि म्हणाले, "पयला कप गरजेचा, दुसरा चैनीचा. चार आणे टाका."

मला वाटलं, नव्या माणसाची थट्टा चालली आहे. मी हसलो. ते हसले नाहीत. बाकीचंही कुणी हसलं नाही. उलट मुख्याध्यापकांनी निमूटपणे खिशातून चार आणे काढले, कारण त्यांचाही दुसराच कप होता. मी मुकाट्यानं नाणं टाकलं. मी मुळातलाच भित्रा. वडील लवकर गेले, चुलत्यांनी, म्हणजे आबांनी वाढवलं. आबा नुसते खाकरले तरी मी भरल्या ताटावरून उठायचो. असल्या माणसाला डबा घेऊन पुढ्यात उभा राहणारा कुणीही साहेबच वाटतो.

गावात त्यांना खर्चकर सर म्हणत. कित्येक पालकांना ते खरं आडनाव वाटायचं. सर गणित शिकवायचे आणि छान शिकवायचे, पण त्यांच्या डोक्यात वर्षानुवर्षं एकच उदाहरण घोळत होतं. सरकारनं इन्कमटॅक्स काढून टाकावा आणि त्या जागी खर्चावर कर बसवावा. माणूस मिळवतो किती हे विचारूच नये. उडवतो किती ते बघावं. स्टाफरूममधला डबा म्हणजे त्या कायद्याची त्यांनी स्वतःपुरती केलेली सुरुवात. त्यात सगळ्यात जास्त नाणी त्यांचीच असायची, कारण त्यांना तपकिरीचा नाद होता आणि दर चिमटीला ते स्वतःला दंड केल्यासारखा कर लावायचे. वर्षाअखेरीला डबा फुटायचा आणि त्यातून शाळेला काहीतरी यायचं. मी लागलो त्या वर्षी मुलींच्या पाण्यासाठी रांजण आला होता.

डब्याच्या वर भिंतीला माफीची यादी चिकटवलेली होती. ज्वारी, बाजरी, मीठ, रॉकेल, औषध, वही, पेन्सिल. या वस्तूंना कर नाही. साखर मात्र यादीत नव्हती. चहूबाजूंनी ऊस उभा, दर दुसऱ्या घरात कारखान्याचा सभासद, आणि हे म्हणणार, "साखर खाल्ली न्हाय म्हणून मेलेला मानूस मी बघितल्याला न्हाय." पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं त्यांना सांगणारे बरेच होते. सर ऐकून घ्यायचे आणि चिमूटभर तपकीर ओढून चार आणे टाकायचे.

फेब्रुवारी आला की त्यांच्या बोलण्याला धार यायची. वर्षभराचा इन्कमटॅक्स जुन्या मास्तरांच्या त्या एका पगारातून कापला जायचा आणि हातात चिंचोके पडायचे. शाळेसमोरच एका बागायतदाराचा दुमजली बंगला होता, दारात दोन जीपा. त्याला कर शून्य, कारण शेतीच्या उत्पन्नाला करच नाही. मास्तर मंडळी त्या बंगल्याकडं बघून बोटं मोडायची. सर मोडायचे नाहीत.

"त्येच्या कमाईवर कर लावा असं मी म्हणणार न्हाय," ते म्हणायचे. "एक पाळी पाणी चुकलं तर ऊस जातो त्येचा. घामाला हात लावूच नये कुणाच्या. त्येच्या न्हाय आन् माझ्याबी न्हाय. पर दुसरी जीप घेतली नव्हं? तितं धरा त्येला."

"सर, खर्चावर कर म्हणजे गरिबाच्याच डोक्यावर," मुख्याध्यापक म्हणायचे. "श्रीमंत साठवून ठेवील, गरिबाला खर्चावाचून गत्यंतर नाही."

"म्हणून तर यादी हाय. गरीब जे खातो ते समदं यादीत."

"मग लोक खर्चच करणार नाहीत."

"तसं झालं तर मी पेढे वाटीन."

"त्या पेढ्यांवर कर भराल?"

"भरीन की. दुप्पट."

त्या काळी बजेट फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला असायचं. शाळा सुटली तरी सर ट्रान्झिस्टर कानाला लावून स्टाफरूममध्ये बसायचे. दर जानेवारीत ते दिल्लीला अर्थमंत्र्यांना सविस्तर पत्र पाठवायचे, आणि दर फेब्रुवारीत त्यांना खरोखर वाटायचं की यंदा आपला कायदा येणार. एकदा मी सोबत थांबलो होतो. भाषण संपलं, सरांनी बटण बंद केलं आणि म्हणाले, "यंदाबी न्हाय. आपला पुरावा कमी पडतोय, मास्तर." त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला वाईट वाटलं. पण पुरावा या शब्दानं मला भीतीही वाटली, कारण तो ते कुठून गोळा करतात हे मला ठाऊक होतं.

पुरावा ते लग्नांच्या मांडवामागून गोळा करायचे. कमाई लपवता येते, खर्च लपवता येत नाही, हे त्यांना दिल्लीला सिद्ध करून दाखवायचं होतं. लग्नाला गेले की पंगतीला बसायचे नाहीत. विजारीचे पाय दुमडून, छत्री काखेत मारून मांडवाच्या मागं जायचे. तिथं उष्ट्या पत्रावळ्यांचा ढीग पडलेला असायचा. एका काठीनं एकेक पत्रावळ बाजूला करत ते मोजायचे, किती जिलेबी टाकली, किती भात टाकला याचा अंदाज घ्यायचे आणि वहीत आकडे लिहायचे. तेवढ्यावरून ते आख्ख्या लग्नाचा खर्च सांगत, आणि आचारी म्हणत की तो आकडा फार चुकत नाही. "कमाई झाकता येती, मास्तर," ते म्हणायचे. "उष्टं लपत न्हाय."

वहीत कुणाचं नाव नसायचं. लग्न एक, लग्न दोन, लग्न तीन, एवढंच. मी ती वही दहा वेळा तरी पाहिली असेल. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

एकदा आम्ही दोघं एसटीनं बारामतीला चाललो होतो. मी धीर करून विचारलं, की सर, एवढ्या घाणीत कशाला उतरता, नुसता आचाऱ्याला आकडा विचारला तर भागणार नाही का? ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "त्या ढिगाची वळख जुनी हाय माझी. ल्हान असताना आई मांडवामागं टोपली घिऊन बसायची. मी पत्रावळ्या मोजायचो. किती आल्या म्हंजी किती पोटं भरतील, ह्यो माझा पयला हिशोब. छप्पन साली बापानं धम्म घेतला आन् ती टोपली चुलीत घातली. म्हणला, आजपासनं दुसऱ्याचं उष्टं ह्या घरात यायचं न्हाय. त्या दिवशी उपाशी निजलो समदे. पर आलं न्हाय." मग म्हणाले, "आता त्याच जागी मी पेन घिऊन जातो. बरं वाटतं."

त्यांच्या खोलीत बुद्धाची एक तसबीर होती आणि तिच्या खाली त्या वह्यांची चळत. तिथं गेलं की मला आपण फार लहान आहोत असं वाटायचं.

मग बारामतीत कुणा व्यापाऱ्याकडं इन्कमटॅक्सची धाड पडली अशी बातमी आली. खरी की खोटी, मला आजही ठाऊक नाही. पण त्या दिवसापासून गावाचा रंग पालटला. इतके दिवस ज्याला येडा म्हणून हसत होते, तो लिहितो काय, आणि लिहिलेलं जातं कुठं, हे प्रश्न चावडीवर निघू लागले. पत्र दिल्लीला जातं हे पोस्टमननंच सांगितलं. झालं! सर खबऱ्या ठरले.

एका सकाळी गावात पांढरी अँबॅसिडर शिरली. पाव तासात दारं लागली. एका बाईनं पाटल्या-बांगड्या ज्वारीच्या कणगीत खुपसल्या. शाळेसमोरच्या बागायतदारानं दुसरी जीप थेट उभ्या उसात घातली. पाचटानं रंग खरवडला आणि गाडी चिखलात रुतून बसली ती वेगळीच. ती अँबॅसिडर मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांची निघाली. दुसऱ्या कुठल्या गावात यावर महिनाभर हसले असते. इथं कुणी हसलं नाही. भ्यालेल्या माणसाला आपण फुकट भ्यालो हे कळलं की तो खवळतो, आणि राग काढायला सर समोर होतेच.

त्यांना लग्नाच्या पत्रिका येणं थांबलं. दूधवाल्यानं दूध बंद केलं. सरांना कळतच नव्हतं. "शेतीला कर न्हाय, कर न्हाय त्येला डर कशाला?" असं म्हणून स्वतःच हसायचे. मला वाटायचं त्यांना गदागदा हलवावं आणि सांगावं, की सर, या लोकांची शेती नुसती शेतात नाही.

हे मला ठाऊक होतं, कारण आमच्या घरीही तसंच होतं. वडगाव निंबाळकरच्या पलीकडं आमची वस्ती. आबांचा ऊस होता, पण आबांचे चार ट्रकही होते. ते बारामतीच्या एमआयडीसीतून मालाची ने-आण करायचे, आणि त्यांची सगळी कमाई कागदावर उसातच उगवायची. इतका ऊस आमच्या रानात मावलाही नसता. घरात टॅक्स हा शब्द निघाला की आबा पान थुंकायला उठत.

आणि फाल्गुनात माझ्या बहिणीचं लग्न निघालं.

शाळेत सगळ्यांना बोलावलं तसं सरांनाही बोलावलं, स्वतः त्यांच्या खोलीवर जाऊन. ते फार खूश झाले. त्यांना वर्षभरात तेवढंच आमंत्रण होतं. 'सर, वही तेवढी आणू नका,' हे एक वाक्य मी वाटेत पाठ केलं होतं. जिभेच्या टोकावर आलं आणि तिथंच राहिलं. त्यांना वाईट वाटेल याची भीती, न सांगावं तर आबांची भीती. दोन भीतींच्या मध्ये मी चहा पिऊन परत आलो.

लग्नाला बाकीचे मास्तर आले नाहीत, सर एकटेच आले. दोन एसटी बदलून, धुतलेला सदरा घालून. बहिणीच्या हातात आहेराचं पाकीट दिलं, तिला आशीर्वाद दिला आणि मागं गेले.

दुपारची तिसरी पंगत बसली होती. मी जिलेबी वाढत होतो. आबांनी मागून येऊन माझं मनगट धरलं.

"त्यो कोण रं, पत्रावळ्या उचकतोय?"

"शाळंतले हायत."

"काय लिवतोय?"

इथं मला सांगता आलं असतं. आबा, ते माझे पाहुणे आहेत, भला माणूस आहे, एक नाद आहे त्यांना, त्या वहीत कुणाचं नाव नसतं, मी पाहिली आहे. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम.

"मला न्हाय ठाव," मी म्हणालो.

"तू बोलावलंस?"

"शाळंत पत्रिका दिली हुती. कोण आलं, कोण न्हाय... ठाव न्हाय."

आबांनी माझं मनगट सोडलं आणि थोरल्या मुलाला, माझ्या चुलतभावाला, मानेनं खुणावलं. तो आणि त्याचे दोन दोस्त मांडवामागं गेले. बँड जोरात वाजत होता. मी वाढत राहिलो. एकदाच, बँड दम खायला थांबला तेव्हा, सरांचा आवाज ऐकू आला. "अवो, जरा जपून, आकडा चुकंल." मदतीला पोरं आली असं वाटलं असावं त्यांना.

त्यानंतर काही ऐकू आलं नाही. माझ्या हातातल्या ताटातला पाक लोकांच्या धोतरावर सांडत होता. मागं जायला वीस पावलं होती. मी गेलो नाही.

चुलतभाऊ हात धुवायला आला तेव्हा हसत होता. "मोजतोय म्हणं! म्हणलं, नुसतं मोजून काय कळतंय, चव बघा. दोघांनी धरला आन् एक आख्खी पत्रावळ चारली. वही आचाऱ्याच्या चुलीत."

"मग?"

"मग काय, गेला छत्री घिऊन."

आजूबाजूचे हसले. मीही हसलो. हे लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

सोमवारी सर शाळेत आले नाहीत. मंगळवारीही नाहीत. मी दारावर डोळे लावून बसायचो. तुम्हाला वाटेल, त्यांच्या काळजीनं. काळजी होती, पण आधी भीती होती की ते आले तर सगळ्यांसमोर सांगतील. बुधवारी आले. नेहमीच्या खुर्चीत बसले. शिपायानं चहा दिला, तो त्यांनी तसाच परत केला. मग मला खुणेनं बाहेर, लिंबाखाली बोलावलं.

"मास्तर, मी पोलिसात अर्ज दिलाय," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमचं नाव घातल्यालं न्हाय. पर त्ये लोक म्हणत्यात, मी बोलावल्याबिगर घुसलो, चोरी करायला. फौजदार हितं यिऊन तुमाला इचारणार हाय. तुमी येवढंच सांगा, की बोलावलं हुतं. बाकी तुमी बघितलं नसंल तर नका सांगू काय."

"व्हय, सर," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

"बाप गेला त्येला लई वर्सं झाली," ते म्हणाले. "तसबिरीपुढं उभं ऱ्हावत न्हाय मला."

शनिवारी आबा इंदापुरात माझ्या खोलीवर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. कॉटवर बसले, पाणी प्याले. "असल्या अ‍ॅट्रॉसिटीच्या केसला जामीन मिळत न्हाय म्हणं. थोरला आत जाईल," ते म्हणाले. "मग पोलीस समदंच उकरत्याल. ट्रकबी. तुझी आई आमच्यातच ऱ्हाती, ध्यानात हाय नव्हं?" आवाज अजिबात चढवला नाही. ते गेल्यावर मी दाराला कडी घातली आणि जेवलो नाही.

पुढच्या आठवड्यात फौजदार आला. मुख्याध्यापकांच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला तो आणि मुख्याध्यापक, दुसऱ्या बाजूला शेजारी शेजारी सर आणि मी. फौजदार माणूस वाईट नव्हता. त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि सरळ विचारलं, "यांना लग्नाला तुम्ही बोलावलं होतं का?"

माझा पाय हलायला लागला. गुडघा टेबलाला आपटत होता आणि टेबलावरचा काचेचा पेपरवेट खडखड वाजत होता. सगळ्यांना ऐकू येत होतं. मी थांबवायचा प्रयत्न केला, थांबेना. मला आई दिसत होती, आबांचा पाण्याचा पेला दिसत होता.

"नाही," मी म्हणालो. "मी बोलावलं नव्हतं."

पेपरवेट वाजतच होता. सरांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही, पण त्यांचा हात टेबलाखालून आला आणि माझ्या गुडघ्यावर बसला. लहान पोराला आवरावं तसा घट्ट दाबून धरला त्यांनी गुडघा. आवाज थांबला.

"आता काय म्हणणं आहे, गुरुजी?" फौजदारानं विचारलं.

"मास्तर खरं बोलत्यात, सायेब," सर म्हणाले. "मी न बोलावताच गेलतो. अर्ज माघारी घ्यायचा म्हणतो."

आयुष्यात त्यांना खोटं बोलताना मी तेवढंच ऐकलं. फौजदारानं कागद पुढं केला, त्यांनी उजव्या हातानं सही केली. डावा हात अजून माझ्या गुडघ्यावर होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ते आले नाहीत. मुदतीआधीच निवृत्ती घेतली असं कळलं, आणि लेकीकडं राहायला गेले म्हणे, कुठं ते कुणाला नीट सांगता आलं नाही. मी विचारलंही नाही. पुढच्या बजेटला ट्रान्झिस्टर लावायला कुणी थांबलं नाही, साडेपाचलाच शाळेला कुलूप लागलं. खर्चावर कर की कमाईवर, यावर मी पुन्हा कुणाशी बोललेलो नाही.

हे लिहिताना मी त्यांचं नाव घातलेलं नाही, माझंही नाही. सुरुवातीला मनाला सांगितलं, की त्यांचा मान राखायचा म्हणून. ते खरं नाही. आई गेली, आबा गेले, ट्रक विकले गेले, तो फौजदारही केव्हाच निवृत्त झाला असेल. पण चुलतभाऊ आहे, त्याची मुलं आहेत, आणि सणाला मी त्यांच्याच घरी जेवायला जातो. सरांना मी माझ्या बहिणीच्या लग्नाला बोलावलं होतं, स्वतः त्यांच्या खोलीवर जाऊन. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे, आणि लिहिताना माझा गुडघा हलतो आहे.